सातवी गाठ

बातमी आली तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला, आणि शिपाई असा नुसता उभा राहिला की काय समजायचं ते शाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईला कळतं. ऑफिसात जाऊन फोन घेतला. विनायकचा, माझ्या नवऱ्याचा, आवाज. तो सकाळीच वडलांना आणायला गावी गेला होता. "बाबा गेले," एवढंच म्हणाला... मागे गावच्या अंगणात कोणी बाई मोठ्यानं रडत होती, कोंबड्या ओरडत होत्या, आणि मला त्या क्षणी काय सुचावं? वालाच्या वेलाला पाणी घालायचं राहिलं! मामाजी गावाला जाताना बजावून गेले होते आणि सकाळच्या घाईत मी विसरले होते. सासरा गेल्याच्या बातमीवर सुनेच्या मनात असलं काही यावं, याची तेव्हा मला फार लाज वाटली. आता अडीच महिने झाले. आता वाटत नाही. त्यांना ते आवडलंच असतं.

पुतण्याच्या नातवाच्या बारशाला म्हणून ते साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावी गेले होते. सकाळी ओट्यावर उन्हाला बसले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेले. चहा घेऊन आलेल्या पुतणसुनेला वाटलं, डुलकी लागली. तिनं कप शेजारी ठेवला, वर बशी झाकली आणि पाऊल न वाजवता आत निघून गेली. बराच वेळ घरात सगळे हळू आवाजात बोलत होते म्हणे, म्हाताऱ्याची झोप मोडू नये म्हणून. मला हे ऐकून रडू आलं, आणि बरंही वाटलं.

मामाजी म्हणजे माझे सासरे, किसनराव. वाचणाऱ्यांतल्या कोणी त्यांना ओळखत असेल असं नाही. आयुष्यभर कापूस, तूर, सोयाबीन आणि थोडा गहू केलेला माणूस. उंच, सावळे, डोक्याला पांढरं मुंडासं आणि बोलणं मोजकं. माझ्याशी तर मोजकंही नाही. त्यांच्या घरात सासऱ्यानं सुनेशी तोंडावर बोलायचं नाही, सुनेनं तर नाहीच नाही, अशी रीत. मी लोणारच्या वह्या-पेन्सिली विकणाऱ्या दुकानदाराची लेक, चुरूचुरू बोलणारी. लग्नानंतरचे पहिले सहा महिने मला वाटायचं की यांना मी आवडलेले नाही. मग सासूबाईंनी समजावलं, "अवं, त्याहीनं तुह्या तोंडावर बोलणं बरं दिसन का?" पुढं आमचा सगळा कारभार मध्यस्थामार्फत चालला. आधी सासूबाईंमार्फत, मग माझ्या लेकीमार्फत. "तुह्या मायले सांग, भाकर कडक झाली." "आजोबांना सांग, दुसरी देते." हे सगळं एकाच खोलीत, तीन हातांच्या अंतरावर.

तीन वर्षांपूर्वी ऐन थंडीत सासूबाई गेल्या. संक्रांत झाल्यावर विनायक त्यांना इकडे, देऊळगाव राजाला, घेऊन आला. वावर पुतण्याला करायला दिलं. आमचं घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीतलं. मागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा, तिच्या एका कडेला सिमेंटचा हौद, हौदाजवळ कपडे धुवायचा दगड. लेक तोवर शिकायला पुण्याला गेलेली. विनायक जालन्याला नोकरीला; पहाटेच्या बसनं जाणार, अंधार पडता येणार. म्हणजे दिवसभर घरात ते आणि, शाळा सुटल्यावर, मी. मध्यस्थ कोणी नाही. पहिले चार दिवस आम्ही दोघं मुक्यासारखे वावरलो. पाचव्या दिवशी मामाजी परसात जाऊन उभे राहिले, घसा साफ केला आणि हौदाला म्हणाले, "पाणी आलं नाही वाटते आज."

मी स्वयंपाकघरात होते. खिडकी उघडी होती. मी भांड्यांच्या मांडणीकडे तोंड करून म्हणाले, "दहाला येतं."

 बाहेरून समाधानाचं एक "हां". त्या दिवसापासून हौद आमचा मध्यस्थ झाला. मला हसू यायचं, मैत्रिणींना आणि विनायकला सांगून मी हसवतही असे. पण संध्याकाळी शाळेतून आल्यावर आधी खिडकी उघडायची सवय मला कधी लागली ते कळलं नाही.

येताना त्यांनी एका पिशवीत कपडे आणले होते आणि दुसऱ्या पिशवीत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी. तिला सात गाठी. माघातली दुपार होती. ऊन असं पडलं होतं की अंगावर पातळ गोधडी घ्यावी. रविवार म्हणून मी खिडकीशी तांदूळ निवडत बसले होते, आणि ते दगडाजवळ उकिडवे बसून एकेक गाठ सोडत होते. मला ते चित्र अजून झोपेत दिसतं... पांढरं मुंडासं, खाली वाकलेली मान, लुगड्याचा विटलेला हिरवा रंग आणि तळहातावर ठेवलेलं बी. प्रत्येक गाठ सुटली की ते हौदाला सांगत. "हे दोडकं." "हे कोहळं." "बरबटी." "वाल." "अंबाडी." "हे वाळकाचं." त्यांना बियांची माहिती होती असं नाही. खाताना जेवढ्या बिया दाताखाली आल्या असतील तेवढ्याच त्यांना ओळखता येत होत्या, हे त्यांनीच पुढं कबूल केलं. सातव्या गाठीत काळपट बारीक भुकटी निघाली. त्यांनी ती बोटांत चोळली, वास घेतला, आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "ही माती काऊन बांधून ठेवली हिनं?" आणि पट्टी दगडाच्या कडेला झटकून टाकली. मलाही मातीच वाटली. तांदूळ निवडणारीला खडे तेवढे दिसतात.

तर अशी आमच्या बागेची सुरुवात. वीस एकरांत आयुष्य गेलेल्या माणसाला दोन खाटांची जागा म्हणजे किस झाड की पत्ती, असं मला वाटलं होतं. आणि काय त्या माणसानं एकेक चुका केल्या! आधी दोरी लावून सरळ रेघा आखल्या. बाजारातून आणलेली मेथी त्या रेघांत पेरली. मेथीच्या दोन ओळींतून बैलजोडी सुखानं निघून जाईल एवढं अंतर ठेवून. बी घातलं चार बोटं खोल, कापसाच्या हिशेबानं, आणि वरून टाचेनं दाबून बसवलं. दहा दिवस रोज संध्याकाळी मागे हात बांधून वाफ्याकडे बघत उभे राहायचे. काही उगवलं नाही. मग वाटलं, पाणी कमी पडलं. नळ आला तशी हौदाची नळी सोडून दिली आणि गव्हाला देतात तसं पाणी भरलं. जे काय चार दाणे वर यायच्या बेतात असतील ते वाहत वाहत दगडाच्या कोपऱ्यात जाऊन चिखलात बसले. वाल लावला तो भर उन्हात. त्याला आधार म्हणून एवढा जाड खांब रोवला की त्याला बैल बांधला तरी हलला नसता.

मलाही काही येत नव्हतं. माझी बागायत म्हणजे बाटलीतली एक वेल. पण मी मोबाइलवर बघायला लागले, आणि रात्रीची भाकरी थापताना मोठ्यानं सांगायला लागले, म्हणजे परातीला: "मेथी म्हणे वरच्या वर फेकायची, वर नुसती माती भुरभुरायची... पाणी म्हणे हातानं शिंपडायचं." दुसऱ्या दिवशी शाळेतून यावं तर वाफा नव्यानं केलेला, दोरी गुंडाळून खुंटीला अडकवलेली, आणि माणूस मुंडाशाच्या टोकानं घाम पुसत तिसरीकडेच बघतोय. ती मेथी उगवली. उगवली त्या दिवशी त्यांनी हौदाला काही सांगितलं नाही, पण जेवताना अर्धी भाकर जास्त घेतली.

एका संध्याकाळी बरंच बोलले ते. उजेड अजून होता, दिवे लावायचे होते. मी आत, ते बाहेर. म्हणाले, "चाळीस वर्सं वावर केलं म्या. पण भाजी कधी लावली नाही. तिचं काम होतं ते. पेरणीच्या मांगं मांगं ती ओटीत बी घेऊन चालायची. कपाशीच्या तासात, दोन ओळींमंधी, कुठं बरबटी टाक, कुठं अंबाडी टाक, धुऱ्यावर वाळूक टाक. मी बोलायचो तिले... माह्या वावरात हे काय टाकून राह्यली वं! निंदायले बाया आल्या का सांगायचो, जे तासात नाही ते सारं काढा. ती काही बोलायची नाही. पुन्हा टाकायची." मग म्हणाले, "ताटात तर रोज भाजी होती. कुठून येते, म्या कधी इचारलंच नाही."

मी उठून दिवा लावला. परातीशी बोलण्यासारखं ते नव्हतं.

त्या उन्हाळ्यात त्यांचं जेवण कमी झालं. ताटातलं निम्मं तसंच राहायचं. विनायकनं विचारलं, डॉक्टरांकडे नेलं. काही निघालं नाही. मग चैत्रात एकदा हौदाला म्हणाले, "आता घरी चिवळ झाली असती." चिवळ ही आमच्याकडची उन्हाळ्यातली पालेभाजी, जमिनीला चिकटून पसरणारी, गव्हाच्या दाण्याएवढ्या जाडसर पानांची, किंचित आंबट. डाळ आणि लसूण घालून करतात. मी त्याच आठवड्यात बाजारातून दोन जुड्या आणल्या, धुऊन, निवडून, चिरून केली. त्यांनी सगळी खाल्ली. ताट उचलायला गेले तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले, "चांगली आहे. पण ही नव्हे. तिची बारीक पानाची राहे."

आणि मग त्या माणसाला ध्यासच लागला. तिनं बी ठेवलंच असेल, जाईल कुठं? उरलेल्या गाठी पुन्हा सोडून बघितल्या. विनायकला घेऊन गावी गेले. बंद घर उघडून राखेची मडकी उपसली, शिंकी उतरवली, दाराच्या वरची फट चाचपली. रिकाम्या हातानं परत आले. दिवसभर प्रवासानं दमले होते, पण बसले नाहीत. खुरपं घेऊन परसात गेले आणि तण काढायला लागले. तण काढणं एवढंच त्यांना मनापासून येत होतं. दगडाच्या आसपास रोज काही ना काही उगवायचं, सांडपाण्यानं तिथली माती कायम ओली. ते रोज सकाळी तिथं उकिडवे बसत, कडेकडेनं मुळासकट काढत आणि शेजारच्या शेळीसाठी भिंतीवर ठेवत. रोज हातभर जागा घेत, पण ती अशी स्वच्छ करत की तिथं रांगोळी काढावी.

आता जे सांगायचं आहे ते मी घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही. वैशाख होता, शाळेला सुट्टी. सकाळी धुणं घेऊन मी मागे गेले. मामाजी दगडापलीकडे बसून खुरपत होते. ऊन अजून पिवळं होतं, दगड ओला होता, आणि दगडाच्या कडेनं तांबूस देठांची, बारीक जाडसर पानांची एक हिरवी चादर पसरलेली होती. भिंतीवर तिचाच ढीग. माझी आई लोणारला दारावर येणाऱ्या बायांकडून घ्यायची ती हीच, बाजारात मिळते त्याहून बारीक... मला सातवी गाठ आठवली. ती भुकटी, तो झटका, तो कोपरा. एका क्षणात सगळं कळलं, आणि तरी मी तशीच उभी राहिले, ओल्या कपड्यांचं टोपलं कमरेवर घेऊन.

हे ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, शेतकऱ्याला चिवळ ओळखू येऊ नये? पण त्यांनी ती फक्त शिजलेली पाहिली होती. वावरात असेल तेव्हा ते तण होतं, ताटात असेल तेव्हा भाजी. मधला सगळा रस्ता सासूबाई एकट्या चालायच्या. ते असो. पण मला तर ओळखू आली होती ना? माझ्या जिभेला काय झालं होतं? त्यांच्या तोंडावर कधी बोलले नव्हते, आणि पहिलं वाक्य काय बोलायचं, की तुम्ही शोधताय ते तुम्हीच फेकलंत आणि रोज उपटताय? आणि हौद आमच्या दोघांच्या मधे नव्हता, बाजूला होता. मी मनाशी ठरवलं, संध्याकाळी विनायकला सांगू. कपडे वाळत घातले. संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, उद्या सांगतो, आणि पहाटे बसच्या घाईत विसरून गेला. तिसऱ्या दिवशी मी मागे गेले तर दगडाभोवती लालसर, चोपडी, उघडी जमीन. एक पान नाही. भिंतीवरचा ढीगही शेळीनं खाल्लेला.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. एवढ्या वर्षांत मी रीत पाळली म्हणून सगळे माझं कौतुक करत. त्या दिवशी कळलं की रीत पाळणं किती सोपं असतं, गप्प बसलं की झालं.

पुढचे दोन आठवडे मी रोज, ते उठायच्या आधी, दगडाशी जाऊन वाकून बघत होते. धुणं मुद्दाम जास्त पाण्यात काढत होते. विनायकला वाटलं मला काही तरी झालंय. आणि एका सकाळी दगडाच्या खालच्या फटीत, जिथं खुरप्याचं टोक पोचत नाही तिथं, सुतासारखे चार तांबडे कोंब दिसले. मी तिथंच बसले. चहा नाही, स्वयंपाक नाही, नुसती जमिनीवर मांडी घालून. मामाजी खुरपं घेऊन आले आणि मला पाहून थबकले. सून अशी वाटेत बसलेली त्यांनी कधी पाहिली नसावी. ते वळून जायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "मामाजी, इथलं उपटू नका. ही चिवळ आहे. त्या गाठीत माती नव्हती."

कुठे तरी लांब बालाजीच्या देवळाची घंटा वाजली. ते हळूहळू खाली बसले, आधी एक गुडघा, मग दुसरा. खुरपं बाजूला ठेवलं. दगडाखाली वाकून बघितलं. एक इवलं पान नखानं तोडून जिभेवर ठेवलं, आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्यांनी पुसलं नाही.

"चाळीस वर्सं हेच उपटून राह्यलो मी, माय," ते म्हणाले.

मला म्हणाले. हौदाला नाही. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि ते पहिल्यांदा मला माय म्हणाले होते. मग मला राहवेना. म्हटलं, "मी आधीच पाहिलं होतं मामाजी. सगळी होती तेव्हा. बोलले नाही."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता उठून जातील. पण म्हणाले, "म्या तरी कुठं बोललो कधी तिच्याशी?"

त्यानंतर दोन उन्हाळे मिळाले आम्हाला. आता आठवायला बसलं की ते वेगवेगळे आठवत नाहीत, एकच एक लांब सकाळ असल्यासारखी आठवते. दगडाभोवती चिवळ परत पसरली, पुढच्या वर्षी हौदापर्यंत गेली. तिला त्यांनी वाफा केला नाही, दोरी लावली नाही, खतही घातलं नाही. मी एकदा मोबाइलवर वाचून विचारलं, बी केवढ्या खोलीवर पेरायचं, तर हसले. "हे पेराचं नसते माय, सांडाचं असते." कपडे धुताना आता मी साबणाचं पाणी दुसरीकडे वळवायचे आणि खळबळलेलं तेवढं तिकडे सोडायचे. खुडायची ती वरची वर, हातानं. खुरपं तिथं न्यायचं नाही असा त्यांचा स्वतःलाच हुकूम. पहिल्यांदा भाजी केली तेव्हा मी ताट ठेवून दाराशी उभी राहिले, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशी. त्यांनी दोन घास खाल्ले. म्हणाले, "तिच्यासारखी नाही." मग तिसरा घास घेऊन म्हणाले, "डाळ जरा कमी टाक. मंग होते."

डाळ कमी टाकली. पुढच्या वेळी नुसती वाटी पुढं केली.

आम्ही तोंडावर बोलायला लागलो ते त्या दगडाजवळच. बाकी घरात बोललो नाही असं नाही, पण तिथं जास्त. कोणी पाहुणे आले की मात्र दोघंही एकदम जुन्या रीतीवर जायचो, ते हौदाशी आणि मी परातीशी, आणि पाहुणे गेले की ते मिशीत हसायचे. त्यांनी मला पुष्कळ सांगितलं. सासूबाई पाठीमागून चालताना कुठलं गाणं गुणगुणायच्या, ते गाणं त्यांना शब्दानं येत नव्हतं, नुसती चाल यायची. ती चाल मला आता येते. मधेच शब्दांच्या जागी "हूं हूं" करतो आम्ही... करत होतो.

ते गेल्यावर तेरवी इथंच, देऊळगावला केली. माणसं पुष्कळ आली. मी आत पाहुण्यांत होते. स्वयंपाकाच्या आचाऱ्यानं पाणी जवळ पडतं म्हणून दगडाशेजारीच भट्टी मांडली. त्याला कोण सांगणार? जागा रिकामीच दिसत होती, चिवळ उन्हाळ्यातच वर येते. दुपारी मी मागे गेले तर मोठ्या पातेल्याखाली लाकडं धडाडून पेटलेली. भट्टी काढल्यावर तिथली माती विटेसारखी लाल झाली होती, पहारीनं खणली तर ढेकळं निघाली. आत जे काय पडलेलं होतं ते जळून गेलं असणार. मी विनायकला म्हटलं नाही काही. रडणं त्या दिवसांत सगळ्यांचंच चालू होतं, माझं कशासाठी आहे ते कोणी विचारलं नाही.

वालाचा वेल मात्र जगला. त्या दिवशी शाळेतून आल्या आल्या, बॅग खांद्यावर तशीच ठेवून, मी आधी त्याला पाणी घातलं होतं.

आता फाल्गुन लागलाय. मागच्या रविवारी विनायक वडलांचे कपडे काढून बसला होता, कोणाला देण्यासारखे असतील ते वेगळे करत. धोतरं, मुंडासं, दोन बंड्या. एका बंडीच्या आतल्या खिशातून धोतराची फाडलेली एक पट्टी निघाली, तिला एकच गाठ. गाठ बाईमाणसाची नव्हती. बैलाचं दावं खुंट्याला बांधतात तशी, दोन वेढे देऊन करकचून आवळलेली. विनायकनं ती दातांनी सोडवली. परसात उन्हाला धरून पाहिलं. आत काळपट बारीक भुकटी. त्यानं ती बोटांत चोळली, वास घेतला, आणि कपाळाला तीच आठी घालून म्हणाला, "ही माती काऊन बांधून ठेवली बाबांनी?" आणि पट्टी झटकायला हात उचलला.

"अहो, थांबा!" मी खिडकीतून अशी ओरडले की शेजारच्या गच्चीवरच्या बाईनं वाकून बघितलं.

त्याच्या हातातून मी पट्टी घेतली. दगडाभोवतीची ढेकळं मी सकाळीच फोडून मऊ केली होती, का केली होती कोण जाणे. पेरायचं नव्हतं, दोरी लावायची नव्हती. मी तिथं उकिडवी बसले आणि, मामाजींनी त्या माघातल्या दुपारी झटकली होती तशीच, पट्टी झटकली. काही दिसलं नाही. मातीत माती मिसळावी तसं सगळं मिसळून गेलं. विनायक काही न विचारता आत गेला, चहा ठेवायला.

मी तिथंच बसून राहिले. ऊन कलायला लागलं होतं. हौदाच्या कडेवर त्यांचं खुरपं होतं, त्याच्या मुठीला त्यांच्या तळव्याचा गुळगुळीतपणा. सगळीकडे इतकं शांत होतं की कोणी मागे उभं राहून घसा साफ करेल असं वाटत होतं. कोणी केला नाही. मग मीच केला, आणि हौदाला म्हणाले, "पाणी आलं नाही वाटते आज."

आत चहाच्या भांड्याचा आवाज थांबला. मग भांड्यांच्या मांडणीकडून विनायकचा आवाज आला, जरासा जड.

"दहाला येतं."

मी बादली नळाखाली नेऊन ठेवली.